टाळ्यांच्या गजरात नामंजूर

मंगळवार, २

केंद्र बंद होणार नाही. अध्यक्षांनी आज सकाळी साडेनऊला स्वतः फोन करून तसं सांगितलं. "ताई गेल्या म्हणून ताईंचं काम जाणार नाही," हे त्यांचं वाक्य. ते निवृत्त मुख्याध्यापक आहेत, त्यामुळे फोनवरही शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावं अशा बेताने बोलतात.

ही गेली त्याला आज आठ दिवस झाले.

चौतीस वर्षं वर्तमानपत्राच्या टेबलावर मी दुसऱ्यांच्या बातम्या दुरुस्त केल्या, पण दैनंदिनी कधी लिहिली नाही. आता लिहायचं कारण एवढंच की हिच्यावर एक पुस्तिका काढायची आहे, मजकूर अठरा तारखेला छापखान्यात द्यायचा आहे आणि एकवीसला श्रद्धांजली सभा आहे. रोज थोडं टिपून ठेवलं की ऐनवेळी धांदल उडत नाही.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी (हे वाचणारं कोणी नाही, पण सवय जात नाही): आमच्या घराची पुढची खोली म्हणजे रुग्णसाहित्य केंद्र. कोणाचा पाय मोडला, कोणाची आई अंथरुणाला खिळली, की लागणारं सामान इथून न्यायचं आणि गरज संपली की परत आणून द्यायचं. चाकाच्या खुर्च्या, वॉकर, कुबड्या, कमोडच्या खुर्च्या, हवेच्या गाद्या आणि डोक्याकडून वर होणारी एक लोखंडी खाट. सव्वीस वर्षं हिने ते एकटीने सांभाळलं. मी वर्षातून एकदा सभेचं इतिवृत्त लिहितो.

लेक आली आहे. एकुलती एक, अडतीस वर्षांची. समुद्रतळाचे नकाशे काढणाऱ्या एका जहाजावर तिला जागा मिळाली आहे. पंचवीसला निघायचं, काम दोन वर्षांचं. आल्या दिवशीच तिने सांगितलं.

मी म्हटलं, "बघू."

"बघू काय, बाबा? मी सांगतेय तुम्हाला."

"तेच म्हणतोय मी. बघू."

बुधवार, ३

सकाळी आठ ते दुपारी एकपर्यंत फोन चौदा वेळा वाजला. मोजणी माझीच. प्रत्येकाला मी "या" म्हणतो. दारात माणूस उभा राहिला की लेकीला हाक मारतो.

आज एक गवंडी बायकोला घेऊन आला होता. तिच्या पायाला प्लास्टर. लेकीने तिला भिंतीशी उभं केलं, हात सैल सोडायला लावले, मनगटावरची घडी जिथे येते तिथपर्यंत वॉकरची मूठ वर घेतली, चारही पायांचे रबरी बूट दाबून पाहिले. पाच मिनिटांत बाई चालायला लागली. लेक बारा वर्षांची होती तेव्हापासून हे सगळं बघत आली आहे.

मी म्हटलं, "अगदी आईसारखे चालतात तुझे हात."

"बाबा, वॉकरचं बटण कोणाच्याही हातात तसंच चालतं."

विनय आहे. हाही आईकडून आलेला.

शुक्रवार, ५

चार दिवसांत मी घराबाहेर पडलो नाही. परत आलेल्या सहा चाकाच्या खुर्च्या घडी करून माझ्या खोलीच्या खिडकीशी उभ्या केल्या आहेत, त्यामुळे खिडकी उघडत नाही. दार उघडावं तर समोर कमोडच्या खुर्च्यांची रांग. संध्याकाळी फिरायला निघालो, एक बूट घातला आणि फोन वाजला. बोलणं संपेपर्यंत एक पाय बुटात आणि एक चपलेत असा उभा होतो. मग बूट काढून ठेवला.

लेकीला विचारलं, "तुझी आई हे सगळं सोडून बाहेर कशी पडायची गं?"

"नाही पडायची."

"पडायची की. घरभेटींना जायची. दर मंगळवारी तर ठरलेलीच होती."

ती फडक्याने एक कुबडी पुसत राहिली. जंतुनाशकाच्या वासाने माझं डोकं धरतं. ही कधी तक्रार करत नसे.

रविवार, ७

पुस्तिकेसाठी जुनी इतिवृत्तं काढून बसलो. सगळी माझ्याच अक्षरात, वर्षवार, नीट शिवलेली. त्यातून हिच्याबद्दल लोकांना किती माया होती याचा उत्तम पुरावा हाती लागला. अकरा वर्षांपूर्वीची नोंद जशीच्या तशी उतरवतो:

"ताईंनी प्रकृतीच्या कारणास्तव या कामातून मोकळं करावं अशी विनंती केली. सभेने ती टाळ्यांच्या गजरात नामंजूर केली."

पुढे नऊ वर्षांपूर्वी, सात वर्षांपूर्वी, चार वर्षांपूर्वी आणि गेल्या वर्षी अशीच नोंद आहे. एकूण पाच वेळा. गेल्या वर्षीच्या नोंदीत मी "प्रचंड" हा शब्द घातला आहे. तो अतिशयोक्तीचा नाही, सगळं सभागृह खरोखरच उठून उभं राहिलं होतं.

लेकीला मोठ्या कौतुकाने वाचून दाखवलं. तिने विचारलं, "आई नक्की काय म्हणाली होती?"

"विनंती केली."

"कोणत्या शब्दांत?"

"ते लिहिलेलं नाही. टाळ्या सुरू झाल्या होत्या, पुढचं ऐकू आलं नाही."

"पाचही वेळा?"

मी पुन्हा तपासलं. पाचही वेळा.

मंगळवार, ९

हिच्या वहीत नऊ वर्षं, दर मंगळवारी, एकच नोंद सापडली. "११ ते १२, भेट. स्टेशनमागचा रस्ता, १४." कोणत्या रुग्णाला इतकी वर्षं भेटायला जात होती, त्याच्याकडे आपलं काही सामान राहिलंय का, हे पाहायला आज मी स्वतः गेलो. फोन लेकीवर सोपवला. रस्त्यावर आल्यावर पाय इतके भराभर पडू लागले की मलाच थांबून श्वास घ्यावा लागला.

चौदा क्रमांकाला लॉन्ड्री आहे. नाणं टाकून आपले कपडे आपण धुवायचे, तसली. गोल काचेच्या दारांची आठ मशीनं एका ओळीत, समोर लाकडी बाकडं. मालकीणबाई कपड्यांच्या घड्या करत होत्या. मी हिचा फोटो दाखवला.

"या होय! या बसायच्या त्या कोपऱ्यात. बऱ्याच दिवसांत आल्या नाहीत. बऱ्या आहेत ना?"

मी सांगितलं. त्यांनी हातातली चादर खाली ठेवली.

थोड्या वेळाने मी विचारलं, "इथे कोणाला भेटायला यायच्या?"

"कोणाला नाही. बसायच्या तासभर. मशीन फिरताना बघायच्या आणि जायच्या."

"कपडे आणायच्या?"

"कधीच नाही. मी एकदा म्हटलंसुद्धा, अहो बाई, घरी मशीन नाही का? तर म्हणाल्या, आहे की, पण त्याच्या शेजारी फोन आहे."

"आपल्या कामाबद्दल काही बोलल्या?"

"मी विचारलं होतं, काय करता म्हणून. म्हणाल्या, काही नाही करत. छान हसल्या वर."

माझा निष्कर्ष असा: दोन घरभेटींच्या मध्ये ती इथे पाय मोकळे करायला टेकत असावी. कोणत्या दोन घरांच्या मध्ये, याला दुजोरा मिळाला नाही. पुस्तिकेत घेत नाही.

घरी येऊन लेकीला सांगितलं. आल्यापासून ती पहिल्यांदा हसली, मोठ्याने. मग स्वयंपाकघरात गेली आणि नळ बराच वेळ सुरू राहिला.

गुरुवार, ११

पुस्तिकेचा पहिला खर्डा तयार झाला. मथळा, "समर्पित पत्नी, वत्सल माता, निरलस समाजसेविका". तीन विशेषणं म्हणजे मथळा जरा जड होतो, पण अध्यक्षांना तिन्ही हवी आहेत.

लेकीला वाचायला दिला. तिने सगळा वाचला आणि पेन्सिलीने एकच परिच्छेद खोडला, तोही माझ्या मते सगळ्यांत चांगला. हिच्या शेवटच्या आजारातला प्रसंग आहे. हृदय थकलं होतं, आडवं पडलं की श्वास पुरत नसे, डॉक्टरांनी डोकं उंचावर ठेवायला सांगितलं होतं. नेमक्या त्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या आईसाठी खाट मागायला फोन आला. आपली डोक्याकडून वर होणारी, एकुलती एक खाट. हिने ती दिली. स्वतः साध्या पलंगावर, चार उशांना टेकून अकरा दिवस काढले.

"हे काढा," लेक म्हणाली.

"अगं, याच्याइतकं बोलकं दुसरं काय आहे?"

"आईने नाही दिली खाट. तुम्ही दिलीत."

"तिला विचारूनच दिली."

"काय विचारलंत?"

मला आठवत होतं, मी सांगितलं. फोन हातात होता, शिंपी तिकडे थांबला होता, मी तिच्या खोलीच्या दारातून म्हटलं, "खाट देऊन टाकू ना?"

"आणि ती काय म्हणाली?"

"मान हलवली."

"कशी?"

आता मान कशी हलवतात! मी हलवून दाखवली. लेक माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "बाबा, तिला धाप लागली होती."

परिच्छेद लहान करून एका ओळीवर आणला. काढला नाही.

शनिवार, १३

शिंप्याने खाट परत आणली. त्याची आई ठणठणीत आहे. "पहिल्याच आठवड्यात उठून बसायला लागली हो. खाट नुसतीच अडगळीसारखी पडून होती. आणू आणू म्हणत राहून गेलं," असं तो म्हणाला. खाट कुठे ठेवायची हा प्रश्न आहे. सध्या हिच्या खोलीत, पलंगाच्या शेजारी.

मी आज हिच्या खोलीत गेलो नाही. वेळ मिळाला नाही.

मंगळवार, १६

जहाजाच्या कंपनीतून फोन आला. लेक तेव्हा एका पेशंटकडे हवेच्या गादीचा पंप लावून द्यायला गेली होती. कारकून सभ्य होता. त्याला तिच्याकडून येण्याची शेवटची खात्री हवी होती. तिचा मोबाइल लागत नाही, म्हणाला. बरोबरच आहे, त्या तळमजल्यावरच्या घरात लागत नाही.

मी म्हटलं, "इथे तिची आई वारली आहे. जबाबदारी मोठी आहे. सभा झाल्यावर कळवतो."

तो म्हणाला, "सोमवारी, बावीस तारखेला, दुपारी बारापर्यंत थांबता येईल. त्यानंतर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलवावं लागेल."

चिठ्ठीवर लिहून घेतलं. तिला लगेच द्यावी का? आधीच तिची दगदग चालली आहे. सभा होऊन जाऊ दे. चिठ्ठी शब्दकोशात ठेवली आहे.

एक खरी गोष्ट लिहायला हवी. ती गेली तर या घरात फोन आणि मी, असे दोघेच उरतो. मला वॉकर लावता येत नाही. पंपाची नळी कुठे बसते ते माहीत नाही. फोनवर "नाही" म्हणायला गेलो तर तोंडातून "या" निघतं. परवा एका बाईंना सामान नसताना या म्हटलं. बिचाऱ्या दोन बसगाड्या बदलून आल्या, लेकीने त्यांना बसवलं, पाणी दिलं, माझ्याकडे पाहिलंही नाही. सत्तरीनंतर माणसाला एका खोलीत किती अडकून पडता येतं याचा मला अंदाज नव्हता. खुर्च्या सगळ्या चाकांच्या, आणि जागची एकही हलत नाही.

गुरुवार, १८

मजकूर वेळेत छापखान्यात गेला. सोळा पानं.

सोळावं पान रिकामं राहत होतं. कोरं पान सोडणं माझ्या हाताला जमत नाही, म्हणून रविवारच्या सभेचा वृत्तांत आजच लिहून टाकला. आमच्या धंद्यात याला आगाऊ मजकूर म्हणतात. ठरलेले कार्यक्रम ठरल्यासारखेच होतात, त्यात विशेष काही नाही. एकदा वक्ते आजारी पडले, सभाच झाली नाही आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे त्यांचं ओजस्वी भाषण छापून आलं, हा अपवाद. ते भाषण त्यांना फार आवडलं होतं.

शेवटची ओळ अशी आहे: "कन्येने आईचा वारसा पुढे चालवण्याची जबाबदारी स्वीकारली, तेव्हा सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला."

अध्यक्षांना फोनवर वाचून दाखवली. ते गहिवरले. "पोरीशी बोलणं झालंय ना?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "घरातलीच आहे."

शुक्रवार, १९

पुस्तिका छापून आल्या, दोनशे प्रती. लेकीने एक घेतली आणि उभ्या उभ्या चाळली. सोळाव्या पानाशी थांबली. पुस्तिका मिटून गठ्ठ्यावर, बाकीच्यांच्या कडेला कडा जुळवून ठेवली. मग पुढच्या खोलीत जाऊन सगळ्या खुर्च्यांची चाकं काढून एकेक करून तेल घालत बसली, जेवायलाही उठली नाही.

मन भरून आलं असावं.

रविवार, २१

सभा झाली. काय झालं ते क्रमाने लिहितो.

वाचनालयाच्या सभागृहात सुमारे सत्तर माणसं होती. दारात पुस्तिका वाटल्या. अध्यक्ष पंचवीस मिनिटं बोलले. मी नेहमीसारखा कडेच्या टेबलावर कागद घेऊन बसलो होतो. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "आणि आता शेवटचं पान पाहा. ताई गेलेल्याच नाहीत!" लोकांनी पान उलटलं. टाळ्या सुरू झाल्या.

लेक उठून उभी राहिली. मी लिहिलं, "कन्या म्हणाल्या". तिचे ओठ हलत होते. टाळ्या वाढल्या. लोक उभे राहू लागले. माझ्यासमोर कागदावर "म्हणाल्या" हा शब्द होता आणि त्यापुढे लिहायला काहीच नव्हतं. ती पुन्हा बोलली. ऐकू येत नव्हतं. मी हात वर केला, तर अध्यक्षांना वाटलं मला हुंदका आला, आणि ते माझ्याकडे तोंड करून आणखी जोराने टाळ्या वाजवू लागले.

अर्धवट वाक्य मला सहन होत नाही. पाण्याचा पेला उचलून मी टेबलावर आपटला. फुटला नाही, पण आवाज चांगला झाला.

"थांबा," मी म्हणालो. "तिचं वाक्य अर्धं राहिलंय. मला लिहून घ्यायचंय."

सभागृह गप्प झालं. अध्यक्षांचे हात तसेच हवेत होते.

मी लेकीला म्हटलं, "पुन्हा सांग. सावकाश. लिहितोय."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग शाळेत शुद्धलेखन घालतात तसं, एकेक वाक्य थांबून, माझं पेन थांबलं की पुढचं, असं बोलली. मी सगळं घेतलं. बाहेरच्या माणसाचं म्हणणं छापण्याआधी त्याला वाचून दाखवायचं असा आमचा शिरस्ता, म्हणून वाचून दाखवलं. मोठ्याने, कारण ती मागच्या रांगेत होती:

"मी गुरुवारी जाते आहे. हे काम मी घेणार नाही. मला कोणी विचारलं नव्हतं. आईलाही ते नको होतं. तिने ते पाच वेळा सांगितलं आणि पाचही वेळा तुम्ही टाळ्या वाजवल्यात."

वाचताना चौथ्या वाक्याशी थोडा अडखळलो. घाईत अक्षर बरोबर लागलं नव्हतं.

"बरोबर आहे?" मी विचारलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली आणि बसली.

पहिल्या रांगेतला शिंपी मांडीवरची पुस्तिका उगाच सरळ करत होता. अध्यक्ष म्हणाले, "दुःखाच्या भरात माणूस बोलतो," आणि सभा संपली असं जाहीर केलं. चहा सांगितलेला होता, बराचसा उरला.

घरी आल्यावर मी शब्दकोशातली चिठ्ठी काढून तिला दिली.

तिने वाचली. "कधी आला होता हा फोन?"

"मंगळवारी."

"आज रविवार आहे."

"हो."

तिने चिठ्ठीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "बाबा, तुम्ही वाईट नाही आहात," ती म्हणाली. "तेच फार अवघड आहे." याचा अर्थ काय, हे मी विचारलं नाही.

सोमवार, २२

जागा अजून तिचीच आहे. कंपनीच्या कारकुनाने सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी दुजोरा दिला. पुढच्या माणसाला तयार राहायला सांगून झालं होतं. तिने फोन ठेवला आणि भिंतीला पाठ टेकून खाली फरशीवरच बसली, लहानपणी बसायची तशी, पाय लांब करून. मी शेजारी खुर्ची ओढून बसलो. चाकाचीच होती, दुसरी रिकामी नव्हती. फोन वाजला. दोघांपैकी कोणी उठलं नाही. वाजून वाजून थांबला. आजवर या घरात असं कधी झालं नव्हतं.

मंगळवार, २३

चुकीचा मजकूर छापून गेला की दुरुस्ती द्यावी लागते. ती लिहायला बसलो. सोळावं पान: "तसं घडलं नाही." एवढंच द्यायचं होतं. पण एकदा पुस्तिका उघडली तर हात थांबेना.

पान तीन, "खाट आनंदाने दिली." आनंदाने, याला दुजोरा नाही. दिली, यालाही नाही.

पान पाच, "त्या कधी थकल्या नाहीत." कोणी सांगितलं? मीच.

पान नऊ, "त्यांची आवड म्हणजे सेवा." इथे मी खूप वेळ बसलो. लेकीला विचारलं, "तुझ्या आईला आवडायचं काय गं?" ती म्हणाली, "आंघोळीनंतर ओल्या केसांनी गच्चीत बसायला. पण तेवढ्यात कोणीतरी यायचं." मी एक्केचाळीस वर्षं संसार केला. गच्ची याच घराची आहे.

अकरा दुरुस्त्या झाल्या. छापखान्याला कळवलं की अजून वाढतील.

दुपारी हिच्या खोलीत गेलो. खाटेचा दांडा फिरवून डोक्याकडची बाजू वर करून पाहिली. अगदी सहज होते. एका हाताने.

गुरुवार, २५

ती गेली. सात दहाची गाडी, वेळेवर सुटली. मी स्टेशनवर होतो.

निघण्याआधी तिने मला वॉकर लावायला शिकवला. मलाच भिंतीशी उभं केलं, हात सैल सोडायला लावले. "घडी दिसतेय मनगटावर? तिथे मूठ." मग कुबडी. काखेखाली दोन बोटं जागा. मी तीन ठेवली. "बोटं जाड आहेत तुमची, चालेल," म्हणाली.

फलाटावर म्हणाली, "फोन वाजला की धावू नका. आणि हो म्हणण्याआधी मनात दहापर्यंत मोजा."

"दहा फार होतात. समोरच्याला वाटेल लाइन तुटली."

"मग पाच."

गाडी हलल्यावर तिने हात केला. तिचा चेहरा मी इतका मोकळा गेल्या तीन आठवड्यांत पाहिला नव्हता. किंबहुना, असा चेहरा या घरात कधी पाहिला होता का, हे आठवायचा प्रयत्न करत घरी आलो. दार उघडेपर्यंत फोन वाजायला लागला होता.

शुक्रवार, २६

लेक जहाजावर पोहोचली. आज दुपारी बंदरावरून तिने स्वतः कळवलं. खोली लहान आहे, खिडकी गोल आहे आणि उघडते. यानंतरचा फोन सहा तारखेपर्यंत लागणार नाही.

दिवसभरात नऊ फोन आले. पाचपर्यंत मोजतो. तीन जणांना "नाही" म्हटलं, त्यातल्या एकाने विचारलं, "ताई आहेत का? त्यांना द्या." मी सांगितलं. मग तो बराच वेळ हिच्याबद्दल बोलला, चांगलंच बोलला. मी मधे म्हटलं, "तिला थकवा यायचा." तो म्हणाला, "छे हो, ताई? कधीच नाही." मी म्हटलं, "यायचा. लिहून घ्या हवं तर."

संध्याकाळी अध्यक्षांचा फोन आला. रविवारचं त्यांनी मनावर घेतलेलं नाही. केंद्राच्या व्यवस्थेसाठी परवा, रविवारी, संध्याकाळी पाचला पुन्हा सभा आहे. नवीन नाव ठरवायचं आहे. बाहेरून कोणी पुढे आलेलं नाही, पण सगळ्यांच्या मते एक नाव अगदी योग्य आहे. माणूस घरचा आहे, निवृत्त आहे, दिवसभर मोकळाच असतो आणि सामान त्याच्याच पुढच्या खोलीत आहे. माझी संमती त्यांनी गृहीत धरली आहे. लोक उत्साहात आहेत, गर्दी चांगली होईल, असं ते म्हणाले.

मी मनात पाचपर्यंत मोजलं. तोवर त्यांनी फोन ठेवला होता.

रविवारी मी उभा राहून बोलणार आहे. वाक्यं तयार आहेत, तीनच आहेत. इतिवृत्त कोण लिहिणार, हे अजून ठरलेलं नाही.